सहाव्या खोक्यातली नळी

६ जानेवारी, सोमवार

वही विकत आणली. आयुष्यात कधी दैनंदिनी लिहिली नाही, पण आजपासून लिहिणार. उद्या हेच लोक म्हणतील की बाई तेव्हा गप्प बसल्या होत्या. मी गप्प बसले नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे.

सकाळी साडेदहाला मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासाच्या प्रमुख. समोर रिकामी खुर्ची होती, पण ‘बसा’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “सहाव्या खोक्यात एक लेबल चुकलंय. तुमच्या हातून.”

एकोणीस वर्षं मी लोकांच्या शिरा शोधतेय. वस्तीत मला सुईबाई म्हणतात, पोरं मला बघून दारामागे लपतात. नवरा सोडला, हे काम सोडलं नाही. आणि आज कुणीतरी येऊन मला लेबल कसं लावायचं ते शिकवणार!

आरोप असा आहे. चाळीस ते पन्नास वयाच्या कुणा बाईच्या नळ्यांवर ‘निरोगी’चं हिरवं लेबल आहे. गोठवून ठेवलेल्या नळ्यांपैकी आमच्या केंद्रातल्या निरोग्यांच्या नळ्या आता प्रयोगशाळेने खात्रीसाठी पुन्हा तपासल्या, तर त्यातलं हे एक रक्त मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाचं निघालं. म्हणजे म्हणे मी कुणा रुग्णाच्या नळ्यांना हिरवं लेबल लावलं आणि कुणा धडधाकट बाईच्या नळ्यांना लाल. टेबलावर कागद तयारच होता, ‘नमुना घेताना मानवी चूक झाली, मला मान्य आहे.’ खाली माझं नाव टाइप करून.

मी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस डोकं ठणकतंय. आज आकडेशास्त्र्याला गाठलं. हा आमच्याकडचा हिशेबी पोरगा, तिशीचा, दिवसभर दोन पडद्यांसमोर बसून असतो. मनाने वाईट नाही. त्याला म्हटलं, “मला साध्या भाषेत सांग, तुला एवढी खात्री कशावरून?”

त्याने खणातून पत्त्यांचे दोन जोड काढले. जेवणाच्या सुट्टीत खेळतात वाटतं. एकाची पाठ लाल, एकाची निळी. म्हणाला, “सिस्टर, तुमच्या वस्तीतल्या लोकांचे पूर्वज दोन ठिकाणचे. अर्धे जहाजातून मजुरीला आणलेले, अर्धे इथल्याच डोंगरातले. ते लाल, हे निळे. दहाबारा पिढ्यांपूर्वी एकत्र आले. पत्ते पिसले गेले, पण पुरते नाहीत.” त्याने जोड एकात एक घालून दोनतीनदाच पिसला आणि टेबलावर पसरला. मध्येमध्ये सात-आठ लाल सलग, मग पाच-सहा निळे सलग. “तुमच्या प्रत्येकाच्या अंगात अशा थप्प्या आहेत. आता शंभर रुग्णांचे पत्ते शेजारी शेजारी मांडायचे. सगळीकडे लाल-निळं सारखंच असेल. पण एखाद्या जागी जवळजवळ सगळ्यांचं लालच दिसलं, तर आजाराचं मूळ तिथेच कुठेतरी. फार पिसलेल्या लोकांत हे दिसत नाही, अजिबात न पिसलेल्यांतही दिसत नाही. तुमच्यातच दिसतं.”

“आणि सापडली ती जागा?”

“सापडली. रुग्णांत तिथे दोन्हीकडून लाल. आईकडूनही, बापाकडूनही. आणि या हिरव्या लेबलवालीचंही तसंच. निरोग्यांतही असे थोडे असतात, पण हिचं रक्तही बिघडलेलं. मग काय समजायचं?”

ऐकताना माझ्या मनात भलतंच येत होतं. याच सरमिसळीपायी आमच्या आज्यांना लोकांनी घरात घेतलं नाही. शाळेत आम्हाला ‘ना धड इकडचे ना धड तिकडचे’ म्हणत. आणि आता तीच सरमिसळ म्हणजे यांना घबाड लागलंय! बरं, लागू दे. आमच्यात दर तिसऱ्या घरात मूत्रपिंडाने माणूस जातो, त्याचं कारण कळणार असेल तर घ्या रक्त, असं मीच दारोदार सांगत फिरले. पण रक्त आमचं, शोध यांचा आणि चूक तेवढी माझी?

२१ जानेवारी, मंगळवार

आज नवीनच कळलं. एक लेबल संशयित म्हणून सगळं सहावं खोकंच बाद करणार. शहाण्णव माणसं! शोधनिबंध पाठवायची तारीख जवळ आलीय, चौकशीला वेळ नाही. सुंठीवाचून खोकला गेला की झालं यांचं.

त्या शहाण्णव माणसांपैकी एकूण एकाला मी आणलंय. लाँड्रीवाली सुईला एवढी घाबरते की तिचं रक्त मी गाण्याच्या भेंड्या खेळत काढलं. शाळेतली स्वयंपाकीणबाई तर चार वेळा परत गेली. आणि गेल्या ऑगस्टात कोट्याला निरोगी बाई एक कमी पडत होती, तेव्हा शिबिर संपल्यावर, सगळे गेल्यावर, मी स्वतःच्या डाव्या हाताला पट्टा दातांनी ओढून बांधला आणि सुई घातली. एवढं कोण करतं?

संध्याकाळी धाकट्याकडे गेले. धाकटा म्हणजे माझा भाऊ, शाळेत भूगोल शिकवतो, म्हणजे शिकवायचा. ऑक्टोबरात एकाएकी धाप लागली म्हणून नेला तर दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझा त्याचा रक्तगट एक. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझं एक घे, मला दोन काय करायचीत. बाकीच्या तपासण्या तेवढ्या राहिल्यात.

“ताई, तुझ्या तपासण्यांची तारीख घेऊ का?” त्याने विचारलं.

“हे प्रकरण मिटू दे,” मी म्हटलं. “डोक्यावर हा आळ घेऊन मी त्याच लोकांच्या प्रयोगशाळेत तपासायला जाणार नाही.”

त्याने ‘बरं’ म्हणून मान हलवली. तो कधी घाई करत नाही, तेवढ्यानेच मला जास्त वाईट वाटतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला पत्र दिलं. मागणी एकच आहे. नोंदवही उघडा. कुठला नंबर कुणाचा, कुठल्या दिवशी घेतला, हे एकाच वहीत आहे आणि ती समितीच्या कपाटात कुलूपबंद. आम्ही नळीवर नुसता नंबर चिकटवतो, लेबलांच्या गुंडाळीतून जो येईल तो. मी कधी वाचतसुद्धा नाही. वही उघडली की कळेल, त्या दिवशी कुणाकुणाचं रक्त घेतलं आणि कुणाशी अदलाबदल होऊ शकत होती.

मोठ्या बाईंनी बोलावून समजावलं. आवाज मधाळ. “अहो, गोपनीयतेचा प्रश्न आहे. लोकांनी संमतीपत्रावर सही केलीय, की अहवाल कुणाला व्यक्तिशः कळवला जाणार नाही. कलम नऊ.”

मला कलम नऊ सांगतात! चारशे लोकांना ते मीच वाचून दाखवलंय.

“तुम्हाला कुणी कामावरून काढत नाहीये,” त्या म्हणाल्या. “माणूस आहे, चुकतो. एवढं का मनाला लावून घेता?”

माणूस आहे म्हणूनच लावून घेते.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी धाकट्याकडे जेवायला. भावजय वाढता वाढता म्हणाली, “ताई, तोंड सुजल्यासारखं दिसतंय तुमचं. डोळ्यांखाली बघा.”

“सुजलेलं नाही, फुगलेलं आहे,” मी म्हटलं. “दीड महिना झाला. फुगणारच.”

सगळे हसले. धाकटाही. त्याला बेतानेच पाणी प्यायचं असतं, पेल्यावर खूण केलेली आहे. त्या खुणेकडे बघवत नाही.

११ मार्च, मंगळवार

समितीचं उत्तर नाही. स्मरणपत्र दिलं. नवीन चपला घेतल्या, एक अंक मोठ्या. आठ आठ तास उभं राहून पायांचं मातेरं झालंय, संध्याकाळी जुन्या चपला पायात जातच नव्हत्या. दुकानदार म्हणाला, वय झालं की पाय पसरतात. सत्तेचाळीस म्हणजे वय झालं?

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत चिमणी भेटली. ही दुसऱ्या केंद्रावर रक्त घेते, माझ्या निम्म्या वयाची, बोलते चिवचिव. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “ताई, सही करून टाका ना. माझ्यावरही असंच आलं होतं गेल्या वर्षी. मी केली सही. काही होत नाही हो, पगारसुद्धा कापत नाहीत.”

“तुझी चूक होती?”

“कुणास ठाऊक. ते एवढे शिकलेले. म्हणतात त्या अर्थी असेल.”

मी तिला फाडफाड बोलले. बिचारीचे डोळे भरून आले. मग माझा अर्धा डबा तिला दिला. मला तशीही हल्ली भूक नसते, रागाने पोट भरतं.

२९ मार्च, शनिवार

आज धाकट्याने मला गप्प केलं. त्याच्या डायलिसिसच्या वेळी शेजारी बसून मी नेहमीचं पुराण लावलं होतं, माझा हात, माझी एकोणीस वर्षं, चोर सोडून संन्याशाला फाशी. तो डोळे मिटून ऐकत होता. यंत्राचा आवाज चालू. मग डोळे न उघडता म्हणाला, “ताई, समज तूच बरोबर आहेस.”

“समज काय? आहेच.”

“हो ना. मग लेबल बरोबर. म्हणजे ते रक्त त्याच बाईचं. म्हणजे ती बाई आजारी आहे आणि तिला पत्ता नाही. माझ्यासारखी.”

मी उठून व्हरांड्यात गेले. तीन महिने! तीन महिने मी लेबल लेबल करतेय, आणि त्या लेबलामागे एक बाई आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि प्रयोगशाळेतल्या शहाण्यांच्या? त्यांच्याही नाही. त्यांना आकडा वाकडा दिसला, म्हणून त्यांनी आकडाच खोडला.

आणि खरं म्हणजे, ‘निरोगी’ ठरवलं कुणी? मीच ना. दारात उभी राहून विचारायचं, “मूत्रपिंडाचा काही त्रास?” समोरची म्हणायची, “छे हो.” झालं, हिरवं लेबल. विचारायचं एवढंच, असं आम्हाला वरून सांगितलेलं. दुखत नाही तोवर माणूस निरोगी.

५ एप्रिल, शनिवार

आठवडाभर सहाव्या खोक्यातल्या बायका शोधत फिरतेय. वही त्यांच्याकडे असली तरी माणसं मला तोंडपाठ आहेत. निरोग्यांत त्या वयाच्या एकतीस बायका आठवल्या. घरी जायचं, चहा घ्यायचा आणि बोलता बोलता म्हणायचं, जरा पाय दाखवा बघू. घोट्यावर अंगठा दाबून धरायचा. खळगा पडला की सूज.

लाँड्रीवाली म्हणाली, “सुईबाई, आता पायातनं रक्त काढता की काय!” तिचे पाय लाकडासारखे घट्ट. स्वयंपाकीणबाईंच्या घोट्यावर थोडा खळगा पडला, त्यांना आजच दवाखान्यात पाठवलं. त्याच असतील असं वाटतंय. बिचाऱ्या रडायला लागल्या, तर मीच धीर दिला, वेळेवर कळलं तर औषधावर वर्षानुवर्षं निघतात.

तिसऱ्या मजल्यावर चढताना दोनदा बसावं लागलं. फार फिरणं झालं.

१२ एप्रिल, शनिवार

स्वयंपाकीणबाईंचं रक्त अगदी स्वच्छ. पायांच्या नसा फुगल्यात म्हणे, उभं राहून. एकतीसपैकी सव्वीस झाल्या. एकही नाही. मग आहे तरी कोण ही?

समितीला तिसरं पत्र. आता लेबलाचं एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं, एक बाई आजारी आहे, तुम्हाला जानेवारीपासून माहीत आहे, आणि तुम्ही कलम नऊ धरून बसला आहात. उद्या ती धाप लागून पडली तर हे पत्र मी वर्तमानपत्रात देईन. आकडेशास्त्र्याने माझ्या पत्राखाली आपणहून सही केली. त्याचीही नोकरी मोठ्या बाईंच्याच हातात. पण केली.

२४ एप्रिल, गुरुवार

वही उघडली.

जमेल तसं लिहिते. लांब टेबल. समितीचे पाच जण, मोठ्या बाई, आकडेशास्त्री, मी. अध्यक्षांनी आधीच बजावलं, नाव वाचलं जाणार नाही, फक्त तारीख आणि त्या दिवशीचे बाकीचे नंबर. अदलाबदल शक्य होती का, एवढंच बघायचं. कारकुनाने कपाट उघडलं, पानं उलटली, बोट ठेवलं.

“तीस ऑगस्ट. संध्याकाळी सहा दहा.”

“आणि बाकीचे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“बाकी कुणी नाही. त्या दिवशी एवढाच एक नंबर.”

मी टेबलावर हात आपटला. “झालं! एकच माणूस! एका माणसाच्या दोन नळ्यांची अदलाबदल मी कुणाशी करणार? भिंतीशी? साडेतीन महिने तुम्ही मला...” असं बरंच बोलले. जोरात. सगळं आठवत नाही. मोठ्या बाई खाली बघत होत्या. मला वाटलं, लाजेने. आकडेशास्त्री मात्र माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, “सिस्टर, तीस तारखेला शिबिर नव्हतंच. एकोणतीसला संपलं होतं. मग तेव्हा कोण आलं होतं?”

“आलं कुणी नव्हतं,” मी म्हटलं. “सगळं आवरायला मी एकटीच...”

मग मला खुर्चीत बसवलं. आज मोठ्या बाईंनी मला ‘बसा’ म्हटलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सव्वीस बायकांचे घोटे दाबले मी. सव्वीस!

घरी आल्यावर पलंगावर बसून स्वतःच्या घोट्यावर अंगठा ठेवला. काढला. खळगा बराच वेळ तसाच होता.

२६ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. मूत्रपिंडांचं काम एक तृतीयांश शिल्लक आहे. गोळ्या, पथ्य, महिन्याला तपासणी. चांगली बरीच वर्षं निघतील म्हणाले. मग कागद चाळत म्हणाले, “हे ऑगस्टमधलं रक्त. तेव्हा याहून बरं होतं. तेव्हाच का नाही आलात?”

तेव्हा कुणाला माहीत होतं! पण जानेवारीत माहीत होतं. त्यांना माहीत होतं. आणि जानेवारीतच धाकट्याने तारीख विचारली होती. गेले असते तर पहिल्याच तपासणीत कळलं असतं. मी अभिमान कुरवाळत बसले. हे इथे लिहिलं नाही तर ही वही खोटी ठरेल.

धाकट्याला सांगणं सगळ्यात जड गेलं. त्याच्यासाठी राखलेलं मूत्रपिंड नव्हतंच. वाटलं, त्याला रडू येईल. तो लालबुंद झाला. शांत माणूस, आयुष्यात आवाज चढवला नाही, तो पलंगावरून उठून ओरडायला लागला, “साडेतीन महिने? नंबर समोर, आजार समोर, आणि माणूस शोधायला साडेतीन महिने?” भावजयीने त्याला धरून बसवलं. मग त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, “माझी काळजी नको करू. माझं नाव यादीत आहे. तू गोळ्या घे.”

मी रडले. लिहायला लाज नाही.

३० एप्रिल, बुधवार

मोठ्या बाई घरी आल्या. फळं घेऊन. माफी मागितली. मनापासून होती की नाही ठाऊक नाही, पण दारात उभ्या राहून मागितली. सहावं खोकं ठेवणार आहेत. माझी नळी ‘निरोगी’मधून काढून ‘रुग्ण’मध्ये टाकली, म्हणजे त्यांचा शोध आता आणखी भक्कम झाला. हे त्यांनी मला आनंदाची बातमी म्हणून सांगितलं!

त्या गेल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि जाईना. आकडेशास्त्र्याला फोन लावला.

“माझ्याआधी अशा किती हिरव्या नळ्या निघाल्या? चूक म्हणून काढून टाकलेल्या?”

फोनवरून बटणं दाबल्याचा आवाज.

“सगळ्या केंद्रांच्या मिळून अकरा. पण सिस्टर, त्यांत चूक मान्य केलेली आहे. सगळ्या कागदांवर सह्या आहेत.”

६ मे, मंगळवार

पुन्हा तेच टेबल. या वेळी मी चिमणीला बरोबर नेलं. तिला यायचं नव्हतं, दंडाला धरून नेलं.

अध्यक्ष म्हणाले, हा विषय आजच्या बैठकीत नाही. मी म्हटलं, मी डबा आणलाय, गोळ्या आणल्यात, मला संध्याकाळपर्यंत कुठे जायचं नाही. ते म्हणाले, कलम नऊ. मी म्हटलं, कलम नऊ लोकांना झोप लागावी म्हणून केलं होतं, मरण यावं म्हणून नाही. ते म्हणाले, कशावरून ती अकरा लेबलं बरोबर आहेत? मी म्हटलं, कशावरून चुकलीत? एकदा तरी वही उघडलीत? सह्या घेतल्यात नुसत्या, पोटाला भिणाऱ्या पोरींच्या. आवाज चढला की आता मला धाप लागते, म्हणून मध्ये थांबावं लागलं. तेवढ्यात मोठ्या बाई उठल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, “किल्ली द्या.” कपाट त्यांनीच उघडलं.

आकडेशास्त्र्याने नंबर सांगितला. कारकुनाने पान काढलं. या वेळी नाव वाचलं गेलं. एका पुरुषाचं, पत्त्यासकट.

चिमणीने माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, “ताई, हे आमच्या गल्लीतले शिंपीकाका.”

“मग निरोप धाड आजच,” मी म्हटलं.

“ते गेले ना. फेब्रुवारीत. ताई, मी सही केली त्या कागदावर हाच नंबर होता.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. कारकून बोट पानावर ठेवून तसाच उभा होता, माझ्याकडे बघत, जणू आता काय करायचं ते मीच सांगणार.

“दहा राहिलेत,” मी म्हटलं. “पुढचं नाव वाचा.”